जुनी शिडाची होडी दुरुस्त करायला घेताय? मग आधी हे वाचा

आमची होडी साडेअठरा फुटांची. देवगड तालुक्यातल्या खाडीकाठी मांगरात, म्हणजे शेडमध्ये, अकरा वर्षं पालथी पडून होती. मी पुण्यात नोकरी करणारा माणूस, सुतारकामाचा अनुभव म्हणजे एक शेल्फ, आणि तेही तिरकं. दोन महिन्यांत होडी पाण्यात, असा माझा हिशेब होता. लागले तीन हंगाम. त्यातला जवळजवळ एक हंगाम चुका करण्यात गेला आणि दुसरा त्या निस्तरण्यात. तुमचा तो वेळ वाचावा म्हणून हे लिहितोय.

सुरुवातीलाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, पुढचं निम्मं काम सोपं होईल. खारं पाणी लाकूड कुजू देत नाही, पण त्यात लाकूड पोखरणारा किडा राहतो. गोडं पाणी त्या किड्याला मारतं, पण लाकूड कुजवतं. आणि पाणीच नसेल तर फळ्या आकसून सांधे उघडतात. लाकडी होडीची सगळी देखभाल म्हणजे या तिघांमधला तोल. होडी बुडते समुद्राच्या पाण्यानं, पण मरते बहुतेक वेळा पावसाच्या पाण्यानं.

१. टोचून बघितल्याशिवाय होडी घेऊ नका

वारशानं आलेली असो वा विकत घेत असाल, ताजा रंग बघून भुलू नका. उलट ताज्या रंगावर संशय घ्या. एक टोकदार पेचकस आणि छोटी हातोडी घ्या आणि होडीला टोकापासून टोकापर्यंत टोचत, ठोकत जा. निरोगी फळी खणखणीत बोलते, कुजलेली भद्द आवाज करते. पेचकस नखभर आत गेला तर ठीक, लोण्यासारखा गेला तर खडूनं फुली मारा.

नवखे लोक तळ तपासतात आणि वरचा भाग सोडून देतात. मीही तेच केलं. तळ बरा निघाला म्हणून खुश झालो. मेस्त, म्हणजे होडीचे सुतार, आले, त्यांनी नाळेजवळच्या (नाळ म्हणजे होडीचं पुढचं टोक) वरच्या कोपऱ्यात बोट घातलं आणि भुशासारखं लाकूड माझ्या तळहातावर ठेवलं. "पयला पावसाचा पाणी खय थांबता ता बघ," एवढंच म्हणाले. पावसाचं पाणी साचतं ते काठाच्या पट्टीखाली, बसायच्या फळीच्या टोकाशी, वांकांच्या वरच्या टोकांत, नाळेच्या आतल्या खाचेत. कुजणं तिथून सुरू होतं. वांक म्हणजे होडीच्या बरगड्या. पठाण म्हणजे तळाचा कणा. हे दोन शब्द पुढे वारंवार येतील.

तळाला वेगळी भीती आहे. टेरेडो नावाच्या किड्याला सगळे किडा म्हणतात, पण तो शिंपल्याच्या जातीचा प्राणी आहे. लहानपणी टाचणीच्या टोकाएवढ्या भोकातून आत शिरतो आणि आतल्या आत वाढत बोटभर जाडीचं बीळ करतो. बाहेरून फळी शाबूत दिसते. म्हणून पाण्याखालच्या भागात टाचणीएवढी भोकं दिसली तर तिथे गिरमिटानं एक बारीक छिद्र पाडून भुसा बघा. घट्ट, कोरडा भुसा आला तर बरं. गिरमिट मध्येच पोकळीत पडलं तर ती फळी गेली.

शेवटी नाळेपासून पिछाडीपर्यंत पठाणाच्या बाजूनं दोरी ताणून धरा. पठाण मध्ये उचलला गेला असेल आणि टोकं खाली लवली असतील, तर होडीची कंबर मोडली आहे. अर्धा-पाऊण इंचाचा फरक चालवून घेता येतो. त्याहून जास्त असेल आणि होडी घरची नसेल, तर नमस्कार करून परत या.

२. कागद आधी, करवत नंतर

हा भाग कंटाळवाणा आहे, पण टाळलात तर तयार होडी किनाऱ्यावर बसून राहते. होडी मासेमारीची असेल तर मत्स्यव्यवसाय विभागाकडे नोंदणी आणि परवाना. मासेमारीची नसेल तर महाराष्ट्र सागरी मंडळाच्या जवळच्या बंदर कार्यालयात आधी जाऊन विचारा. इंजिन बसवणार असाल तर तेही आधीच सांगा, कारण यांत्रिक होडीचे नियम वेगळे आहेत. अंतर्गत जलमार्गांसाठी १९१७चा जुना कायदा जाऊन २०२१चा नवा आला आहे, तेव्हा गावात कोणी "आमी असाच करतो" म्हणालं तरी कार्यालयात एक फेरी मारा.

सोबत ठेवायचे कागद:

- होडीची जुनी नोंदणी असल्यास ती, आणि पाटीवरचा क्रमांक दिसेल असे फोटो
- खरेदीचा करार. वारशाची असेल तर इतर वारसांची लेखी संमती
- आधार, पत्त्याचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो
- लाकडाची पक्की पावती आणि वन विभागाचा वाहतूक परवाना
- दुरुस्तीआधीचे, दरम्यानचे आणि नंतरचे तारखेसह फोटो (तपासणीला येणाऱ्या माणसाला हेच सगळ्यात जास्त उपयोगी पडतात)

वाहतूक परवान्याचं विशेष सांगतो. साग, ऐन, किंजळ, आंबा, फणस ही झाडं १९६४च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आहेत. तुमच्या स्वतःच्या परड्यातला फणस असला तरी परवानगीशिवाय तोडता येत नाही. "मामाच्या बागेतला साग आहे, रात्री टेम्पोत टाकून आणू" हा सल्ला मलाही मिळाला होता. ऐकू नका.

३. जागा आणि भरतीचं गणित

होडी पाण्यातून वर काढायची असेल तर दिवस पंचांगात बघा, कॅलेंडरमध्ये नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाणाची भरती असते, पाणी सगळ्यात वर चढतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती अर्ध्यावरच थांबते. होडी उधाणाला वर घ्या म्हणजे पुढचे दिवस पाणी तिच्यापर्यंत पोचणार नाही.

वेळेसाठी कोकणातला जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट. पंचमी असेल तर पाच गुणिले पाऊण म्हणजे पावणेचार, साधारण त्या वेळी पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला सव्वाअकरा. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत हेच चालतं, आणि दुसरी भरती त्यानंतर साधारण साडेबारा तासांनी. किनाऱ्याच्या ठिकाणाप्रमाणे थोडा फरक पडतो, पण माणसं किती वाजता बोलवायची हे ठरवायला पुरेसं आहे.

भरतीच्या जोरावर काम करण्याची ही रीत फार जुनी आहे. विजयदुर्गजवळ गिर्ये इथे वाघोटन खाडीत मराठा आरमाराची खडकात कोरलेली गोदी आजही बघायला मिळते. भरतीला जहाज आत आणायचं, ओहोटीला दुरुस्त करायचं. कामाला लागण्याआधी एकदा जाऊन या, नुसतं उभं राहिलं तरी उतार किती ठेवायचा ते डोळ्यांना कळतं.

होडी ठेवायची ती सावलीत, वारा खेळेल अशी. पठाणाखाली दर तीन-चार फुटांवर ओंडका आणि दोन्ही बाजूंनी टेकू. वजन पठाणावर आलं पाहिजे, टेकूंवर नाही. टेकू फक्त कलू नये म्हणून. वर झावळ्यांचे झाप घाला. निळी ताडपत्री थेट होडीवर टाकून बांधू नका. आत वाफ कोंडते आणि जे पावसानं झालं नसतं ते ताडपत्रीनं होतं.

हत्यारं फार लागत नाहीत: वाकस, दोन पटाश्या (अर्धा आणि एक इंच), रंधा, करवत, गिरमिट किंवा साधं ड्रिल, ओळंबा, गुण्या, लाकडी मोगरी, सांधे भरायची बोथट छिन्नी आणि शिकंजे. शिकंजे मात्र जितके मिळतील तितके आणा. माझ्याकडे चार होते. शेवटी गावातून मागून आणून अकरा झाले, तरी एक कमीच पडायचा.

४. मापं काढेपर्यंत काहीही उचकटू नका

मला सगळ्यात महाग पडलेली चूक ही. उत्साहाच्या भरात पहिल्याच रविवारी मी एका बाजूच्या तीन फळ्या आणि दोन वांक काढून टाकले. पुढच्या रविवारी येऊन बघतो तर होडीनं आपला आकार सोडला होता, त्या बाजूला पोट दीड इंच बाहेर आलेलं. जुन्या होडीचा आराखडा कुठल्या कागदावर नसतो. ती स्वतःच तिचा आराखडा असते, आणि तुम्ही तिची फळी काढलीत की तेवढं पान फाटलं.

म्हणून: दर दोन फुटांवर आडवी पट्टी मारून रुंदी बांधून टाका. प्रत्येक फळीला, प्रत्येक वांकाला खडूनं क्रमांक द्या आणि फोटो काढा. बदलायच्या वांकाचा साचा जाड पुठ्ठ्यावर किंवा पातळ प्लायवर कापा. मग एका वेळी एकच वांक काढा, नवा बसवा, मग पुढचा. शेजारशेजारचे दोन कधीच नाहीत.

५. लाकूड निवडताना

फळ्यांना साग उत्तम, यात वाद नाही. त्यातलं नैसर्गिक तेल पाण्याला आणि किड्यांना दाद देत नाही, आणि खिळ्याच्या लोखंडाशीही त्याचं जमतं. वाडिया कारागिरांनी मुंबईच्या गोदीत १८१७ साली बांधलेलं सागवानी 'ट्रिंकोमाली' इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर तरंगतं आहे. पण सागाचा भाव बघून छाती दडपते. पाण्याखालच्या फळ्या सागाच्या आणि वरच्या आंबा-फणसाच्या, अशी तडजोड खुशाल करा. पठाणाला ऐन चालतो, जड असला तरी तळाला वजन हवंच असतं.

वांकांसाठी बाभूळ. इथे सरळ लाकूड घेऊन गोलाईत कापायचं नाही, मुळातच वाकलेली फांदी शोधायची. रेषा वळणाबरोबर गेल्या पाहिजेत. सरळ लाकडातून कापलेल्या वांकात रेषा आडव्या पडतात आणि पहिल्याच जोराच्या लाटेला तो चिरतो. साचा हातात घेऊन वखारीत जा आणि फांद्यांवर ठेवून बघा. मेस्त तर रस्त्यानं जातानाही झाडांकडे बघत चालायचे: "ह्यो आपलो चवथो वांक."

लाकूड सुकलेलं हवं. ढोबळ हिशेब इंचाला एक वर्ष. एका वखारवाल्यानं मला "चांगला वाळलेला" म्हणून ओला साग दिला. कापल्यावर करवतीला चिकट ओल लागली तेव्हा कळलं, पण पैसे गेले होते. घेण्यापूर्वी फळीचं टोक इंचभर कापून मागा आणि ताजी कड गालाला लावा. थंड लागली तर ओली.

६. फळ्या वाकवणं आणि खिळे

इंचाच्या फळीला वाफेत साधारण तासभर लागतो. लांब पेटी, एका टोकाला उकळतं पाणी, फटींना गोणपाट. फळी बाहेर काढल्यावर तुमच्या हातात मिनिट-दोन मिनिटं असतात. तेव्हा शिकंजे उघडून तयार, माणसं जागेवर, कोणी कुठे दाबायचं ते आधी ठरलेलं. जाड हातमोजे घाला. आमचा चुलतभाऊ उघड्या हातानं फळी पकडायला गेला आणि आठवडाभर भाकरी डाव्या हातानं खात होता.

दोन शेजारच्या फळ्यांचे जोड एकाच वांकावर किंवा लागून येऊ देऊ नका. विटांच्या भिंतीत जशी सांधमोड ठेवतात तसं.

खिळ्यांत धातू मिसळू नका. तांबं आणि लोखंड खाऱ्या पाण्यात शेजारी आले की लोखंड खाल्लं जातं. जुनी होडी लोखंडी खिळ्यांची असेल तर जस्ताचा जाड मुलामा दिलेले लोखंडी खिळेच वापरा. स्टेनलेस स्टीलचा मोह सगळ्यांना होतो, पण ओल्या लाकडात, हवा न लागता ते आतून गुपचूप गंजतं. खिळ्यापेक्षा किंचित बारीक भोक आधी पाडा, डोक्याखाली तेलात भिजवलेला सुती धागा गुंडाळा, मग ठोका. त्या धाग्यामुळे खिळ्याच्या वाटेनं पाणी येत नाही.

खिळ्यांशिवायही होड्या बांधतात, बरं का. अजिंठ्यातल्या चित्रावरून गोव्यात बांधलेलं 'कौंडिण्य' हे जहाज काथ्यानं शिवलेलं आहे, आणि २०२५ मध्ये ते नौदलात दाखल झालं. पण पहिल्या होडीवर हा प्रयोग नको.

७. सांधे भरणं

फळ्यांच्या मधल्या फटी सुतानं भरणं हे काम दिसायला सोपं आणि बिघडवायला त्याहून सोपं. फळ्या आतल्या बाजूनं एकमेकींना टेकलेल्या आणि बाहेरून तांदळाचा दाणा जाईल एवढी फट, असा सांधा हवा. आतपर्यंत आरपार उजेड दिसत असेल तर सूत भरून भागणार नाही, फळीच नीट बसवा.

जुनं सूत पूर्ण काढा. कापसाची सैल वात वळा, तेलात बुडवून पिळून घ्या. बोथट छिन्नीनं आधी वात छोट्या छोट्या घड्या घालत फटीत नुसती टोचत जा. हातभर झालं की मागे येऊन मोगरीनं बसवा. इथे कान उघडे ठेवा. सुरुवातीला आवाज मऊ येतो, 'ठप, ठप'. वात बसत आली की आवाज चढतो आणि छिन्नी हातात उसळायला लागते. तिथे थांबा. मेस्त पाठमोरे विडी ओढत बसायचे आणि माझा आवाज ऐकून तिथूनच ओरडायचे, "पुरे! होडी फोडशीत!"

फोडशीत, हे खरंच आहे. फळ्या सुकलेल्या असताना फट मोठी दिसते, म्हणून माणूस ठासून भरतो. होडी पाण्यात गेली की फळ्या फुगतात, सुताला जागा उरत नाही आणि सगळा जोर खिळ्यांवर आणि वांकांवर जातो. वांक तुटतात. त्यामुळे हे काम एप्रिल-मेच्या कडक उन्हाळ्यात करू नका. पावसानंतर ऑक्टोबरात होडी उघडा, लाकूडकाम थंडीत करा, सांधे फेब्रुवारीच्या आत भरून घ्या.

वरून लुकण, म्हणजे सांधा बुजवायचा लेप. आमच्याकडे त्यासाठी चंद्रूस (एक प्रकारची राळ) कुटून तेलात उकळवतात. हे घरात, गॅसवर अजिबात नाही. उघड्यावर, मंद आचेवर, शेजारी ओली माती ठेवून. पेटलं तर पाणी टाकायचं नाही, माती टाकायची.

"एवढं कशाला, वरून फायबर चढव आणि मोकळा हो," असं तुम्हाला दहा जण सांगतील. फायबर ताठ, लाकूड हलतं. दोन पावसाळ्यांत कुठेतरी केसाएवढी चीर जाते, पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट नसते. वरून चकचकीत आणि आतून खत झालेल्या होड्या मी बघितल्या आहेत. आयुष्य संपत आलेली होडी आणखी चार वर्षं ओढायची असेल तर करा. जगवायची असेल तर नको.

८. तेल आणि रंग

आतून रंग किंवा व्हार्निश न देता तेल द्या, लाकडाला श्वास घेऊ द्या. काजूच्या टरफलाचं तेल, म्हणजे डिंबेल, कोकणात सहज मिळतं आणि किडीला उत्तम आहे. फक्त ते कातडी भाजतं, फोड येतात. हातमोजे, पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि लावल्यावर चेहऱ्याला हात नाही. बाहेरून पाण्याच्या रेषेखाली शिंपल्या-शेवाळ धरू नये म्हणून मिळणारा तांबंयुक्त रंग द्या. डब्यावर किती दिवसांच्या आत पाण्यात सोडायची ते लिहिलेलं असतं, त्यामुळे हा हात सगळ्यात शेवटी.

९. डोलकाठी, परबाण, शीड

आपल्याकडच्या होडीची डोलकाठी किंचित पुढे झुकलेली असते. ती वाकडी नाही, सरळ करू नका. शीड ज्या आडव्या-तिरक्या काठीला बांधतात ते परबाण. लहान होडीला चांगला पिकलेला बांबू पुरतो. शीड सुती असेल तर ओलं गुंडाळून ठेवू नका, एका रात्रीत काळे ठिपके पडतात. पूर्वी शिडं आणि जाळी कातात रंगवत ती याचसाठी. मी पॉलिएस्टरचं शिवून घेतलं. जुन्या लोकांनी नाकं मुरडली, पण मला दर रविवारी येऊन शीड वाळत घालणं शक्य नव्हतं.

१०. पाण्यात सोडताना

आदल्या आठ दिवसांत होडीच्या आत ओली गोणपाटं पसरा आणि सकाळ-संध्याकाळ खाऱ्या पाण्यानं भिजवा. गोडं पाणी नको. नारळ वाढवा आणि भरतीला होडी पाण्यात घ्या, पण उथळ जागी, ओहोटीला जमिनीवर बसेल अशी. लांब दोरीनं दोन्हीकडून बांधा.

ती गळणार. घाबरू नका. आमची पहिल्या तासात घोट्यापर्यंत भरली, मी पांढरा पडलो, आणि मेस्त चहा पीत होते. डबा घेऊन उपसत राहा आणि पाणी कुठून येतं ते बघून खडूनं खूण करा. सगळीकडून झिरपत असेल तर उत्तम, फळ्या अजून फुगायच्या आहेत. एकाच जागेतून धार येत असेल तर ओहोटीला खाली जाऊन तेवढाच सांधा पुन्हा बघा.

पहिल्या तीन रात्री होडीजवळ कोणीतरी झोपा. दर भरतीनंतर पट्टी बुडवून आत किती बोटं पाणी आलं ते वहीत लिहा. आमची वही अशी होती: नऊ, सहा, सहा, चार, दोन, दोन, एक. आकडे उतरत असतील तर हात लावू नका. चौथ्या दिवशीही वाढत असतील तर पुढच्या उधाणाला परत वर घ्या. पाणी एका बोटावर येऊन दोन दिवस टिकलं, की मग डोलकाठी उभी करा, जीवरक्षक जाकिटं घाला आणि पहिली फेरी खाडीच्या आतच मारा, वल्ही सोबत घेऊन.